प्रेमाची विभक्ती

आमच्या शाळेत सकाळची प्रार्थना झाली की प्रतिज्ञा होते. पाच दिवस मराठीतून आणि शनिवारी इंग्रजीतून, असा शिरस्ता आहे. अशाच एका शनिवारी मुले वर्गात येऊन बसली आणि सातवीतल्या एका मुलीने मला विचारले, “सर, इंग्रजीत देशावर प्रेम ‘मी’ करते. मराठीत ‘मी’ काहीच करत नाही. प्रेम आपलं आपण असतं. असं का?”

मी चकित झालो. पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी ही प्रतिज्ञा १९६२ साली तेलुगूत लिहिली आणि पुढे ती साऱ्या देशाच्या पाठ्यपुस्तकांत आरंभीच्या पानावर जाऊन बसली. आधी विद्यार्थी म्हणून आणि मग शिक्षक म्हणून मी ती किती वेळा म्हटली असेल याची गणती नाही. पण तिच्या इंग्रजी वाक्याचा कर्ता ‘मी’ आहे आणि मराठी वाक्याचा कर्ता ‘प्रेम’ आहे, हे त्या मुलीने दाखवीपर्यंत माझ्या ध्यानात आले नव्हते. मी तिला कर्ता-कर्माचे उत्तर दिले. ते बरोबर होते आणि अपुरे होते. उरलेले उत्तर मी आजवर मनाशी जुळवीत आलो आहे. दिवाळीचा फराळ समोर असताना वाचकांना व्याकरण वाढणे बरे नव्हे. पण हे व्याकरण कोरडे नाही, एवढा भरवसा देतो.

इंग्रजीतले ते तीन शब्दांचे वाक्य आता जगाला पाठ आहे. ‘आय लव्ह यू.’ एका टोकाला ‘मी’, दुसऱ्या टोकाला ‘तू’, आणि मधे क्रियापद. ‘मी आंबा खातो’ या वाक्याची जी बांधणी, तीच याची. माझे इंग्रजी शाळेपुरते असले तरी एवढे मला कळते, की या वाक्यात मी कर्ता आहे, प्रथमेत उभा आहे, आणि तू द्वितीयेत आहेस. जे काही चालले आहे ते माझ्याकडून चालले आहे.

मराठीत हेच सांगायचे तर काय म्हणावे? ‘मी तुझ्यावर प्रेम करतो’ हे वाक्य शुद्ध आहे. परंतु त्यातले ‘करतो’ माझ्या कानाला नेहमी खटकते. माणूस नोकरी करतो, शेती करतो, अभ्यास करतो. प्रेम ही त्याच यादीतली बाब वाटू लागते. कबूल करायला हवे, की माझ्या पहिल्या कादंबरीतला नायक हे वाक्य चार वेळा उच्चारतो. आज ती पाने उघडली की वाटते, या बिचाऱ्याला कोणीतरी भाषांतर करायला बसवले आहे. ‘माझे तुझ्यावर प्रेम आहे’ हे त्यापेक्षा बरे. तिथे निदान प्रेम स्वतःच्या पायावर उभे राहते. पण आमच्या गावात माणूस खरोखरच बोलला, तर तो म्हणेल, ‘मला तू आवडतेस.’ या वाक्याचा कर्ता शोधा. कर्ता ‘तू’ आहे. क्रियापद तिच्यामागे चालते. ती असली तर ‘आवडतेस’, तो असला तर ‘आवडतोस’. आणि प्रेम करणारा कुठे आहे? तो ‘मला’ म्हणून चतुर्थीत जाऊन बसला आहे. चतुर्थीचा अर्थ आपण मुलांना शिकवतो तो संप्रदान, म्हणजे ज्याला काही दिले जाते तो. मराठी प्रेमिक हा देणारा नाहीच. त्याला काहीतरी मिळाले आहे, आणि ते हातात घेऊन तो उभा आहे.

इथे स्वभाषेचा अभिमान उसळून येण्याचा संभव आहे. तो आवरावा हे बरे. ही चतुर्थी एकट्या मराठीची मिरास नाही. ‘मला तू आवडतेस’ची बांधणी स्पॅनिश भाषेच्या ‘मे गुस्तास’मध्ये जशीच्या तशी सापडते. हिंदीतही ‘मुझे तुमसे प्यार है’ म्हणणारा आपल्यासारखाच चतुर्थीत आहे. उलट, आपली बहीण म्हणावी ती बंगाली ‘आमि तोमाके भालोबाशि’ म्हणते आणि तिथे ‘मी’ इंग्रजीइतकाच ठामपणे कर्ता आहे. तेव्हा पूर्वेकडचे नम्र आणि पश्चिमेकडचे अहंकारी, असला सोपा निवाडा व्याकरणाच्या कोर्टात टिकत नाही.

शिवाय या दोहोंपलीकडे आणखी एक तऱ्हा आहे. इटलीतली आई मुलाला ‘ति आमो’ म्हणत नाही. ते शब्द प्रेमिकांसाठी राखलेले. ती म्हणते, ‘ति व्होल्यो बेने.’ म्हणजे, तुझे भले व्हावे असे मी इच्छिते. लेबनॉन-सीरियाकडच्या अरबीत आई लेकराला लाडाने जे म्हणते त्याचा अक्षरशः अर्थ ‘तू मला पुरावेस’ असा आहे. तू माझ्यामागे उरावेस, तुझा शेवट पाहण्याची वेळ माझ्यावर न यावी, हा त्यातला भाव. पहिल्यांदा ऐकणारा दचकतो. पण आपली आजी ‘माझं आयुष्य तुला लाभो’ म्हणून कानशिलावर बोटे मोडीत असे, तेव्हा ती दुसरे काय मागत होती? नातवाला पाठवलेल्या कार्डावर ‘चि.’ लिहिणारे आजोबा दुसरे काय लिहीत होते? या वाक्यांत ‘मी’ प्रेम करत नाही आणि ‘मला’ही काही होत नाही. समोरच्यासाठी कोणापाशी तरी काही मागितले जाते, एवढेच.

इंग्रजी वाङ्मयाची गोष्ट निघाली की आपल्याकडे सर्रास म्हटले जाते, ‘ते लोक बोलून दाखवतात, आपण वागून दाखवतो.’ हे खरे असते, तर इंग्रजीतल्या सर्वांत मोठ्या नाटककाराने या बोलून दाखवण्याचा असा निकाल लावला नसता. शेक्सपिअरचे ‘किंग लिअर’ हे सुमारे १६०६ सालचे नाटक; विंदा करंदीकरांनी ते १९७४ साली ‘राजा लिअर’ म्हणून मराठीत आणले. त्याच्या पहिल्याच प्रवेशात म्हातारा राजा राज्याचा नकाशा पसरून बसला आहे. राज्य तीन मुलींत वाटायचे आहे. पण त्याआधी तो विचारतो, कोणाचे माझ्यावर सर्वांत जास्त प्रेम आहे ते सांगा. थोरली सांगते, डोळ्यांच्या दृष्टीपेक्षा आणि स्वातंत्र्यापेक्षा अधिक. मधली म्हणते, ताईचे थोडे कमीच पडले. दोघींच्या पदरात राज्य पडते. धाकट्या कॉर्डेलियापाशी सांगण्यासारखे काही नाही. फार आग्रह झाल्यावर ती एवढेच म्हणते, की कर्तव्याने जेवढे येते तेवढे, कमी नाही आणि जास्तही नाही. आणि लग्न झाल्यावर त्यातले अर्धे नवऱ्याचे. बाप तिला हाकलून देतो.

‘कर्तव्य’ हा शब्द मी नाइलाजाने वापरला. मुळात तिथे ‘बॉण्ड’ आहे. त्यात बंधनही आहे आणि देणेही आहे. मला विचाराल तर मराठीत त्याला एकच जोड आहे, तो म्हणजे ‘ऋणानुबंध’. पण तो शब्द आपण रेल्वेच्या डब्यात भेटलेल्या सोबत्यासाठीही वापरतो, आणि कॉर्डेलियाच्या तोंडी तो फार गोड होईल. तिचे उत्तर गोड नाही. तिने बापाला मुद्दाम चतुर्थीही दिली नाही आणि प्रथमाही दिली नाही. तिने षष्ठी दिली. मी तुमची, तुम्ही माझे, एवढाच संबंध सांगितला. मागणी मापाची होती आणि तिने माप नाकारले.

पण या नाटकाचे खरे उत्तर चौथ्या अंकात आहे, असे मला वाटते. थोरल्या दोघींनी घराबाहेर काढलेला, वादळात भ्रमिष्ट झालेला लिअर छावणीत झोपला आहे. त्याला स्वच्छ कपडे घातले आहेत. तो जागा होतो तेव्हा कॉर्डेलिया समोर असते. आता इंग्रजी रीतीप्रमाणे तिने ते प्रसिद्ध वाक्य म्हणायला हवे ना? ती म्हणत नाही. ती बापाने आपल्या डोक्यावर हात ठेवावा म्हणून आशीर्वाद मागते. तोच तिच्यापुढे गुडघे टेकू लागतो आणि ती त्याला आवरते. तो तिच्या गालावरचे पाणी बोटाने तपासून पाहतो. भोवतालच्यांना सांगतो, की ही बाई म्हणजे आपली लेक कॉर्डेलियाच असावी. माझा द्वेष करायला तुला कारण आहे, असे तो म्हणतो तेव्हा ती म्हणते, काही कारण नाही. ज्या नाटकाचा आरंभ ‘किती प्रेम करता ते सांगा’ या प्रश्नाने झाला, त्याचा कळस नमस्कार आणि आशीर्वाद यांत होतो. हा प्रवेश वाचताना मला तो आपल्याच माजघरात घडल्यासारखा वाटतो.

आता मराठीकडे वळू. लिअरवरून स्फुरलेले आपले मोठे नाटक म्हणजे वि. वा. शिरवाडकरांचे ‘नटसम्राट’. १९७० साली ते रंगभूमीवर आले आणि डॉ. श्रीराम लागूंनी गणपतराव बेलवलकर उभे केले. २०१६ साली आलेल्या चित्रपटामुळे आजच्या मुलांनाही अप्पा ठाऊक आहेत. या नाटकात वाटणी आहे, घराबाहेर पडणे आहे, वादळ आहे, बहकणे आहे. नाही ती एकच गोष्ट. अप्पा मुलांना तो प्रश्न विचारत नाहीत. नंदा आणि नलू यांना ते सर्वस्व देऊन टाकतात, आणि ‘तुमचे माझ्यावर प्रेम किती’ असा शब्द काढत नाहीत. धाकटी कॉर्डेलियाही नाही. प्रश्नच नाही, तर न बोलणारी हवी कशाला?

शिरवाडकरांनी हे का गाळले असेल? मराठी घरात बाप असे विचारीत नाही, म्हणून. विचारला तर तो प्रश्न नाटकी वाटला असता, आणि अप्पा तर नट. घरात नाटकी होण्याची त्यांना मुभा होती, तरीही त्यांनी विचारले नाही. मला हे शिरवाडकरांच्या प्रतिभेचे मोठे गमक वाटते. त्यांनी लिअरला नुसते धोतर नेसवले नाही. त्याच्या तोंडचा प्रश्न काढून घेतला आणि नाटक मराठी केले.

यावर एक आक्षेप घेता येईल. लिअरने चूक केली म्हणून तो शोकनायक आहे. अप्पांनी चूक कुठे केली? त्यांनी तर दिले. मग सारा दोष मुलासुनेवर आणि लेकीजावयावर जातो, आणि प्रेक्षक डोळे पुसत, मनातल्या मनात आपल्या सुनेकडे पाहत घरी जातो. या आक्षेपात तथ्य आहे. प्रयोगाला मी तशी माणसे पाहिली आहेत. परंतु नाटक नीट पाहिले तर अप्पांची चूक दिसते. लिअरने मोजले, अप्पांनी गृहीत धरले. लिअरच्या मुली खोटे बोलल्या. अप्पांच्या घरात कोणी खोटे बोलले नाही, कारण त्या विषयावर कोणी बोललेच नाही. जे न बोलता असते असे आपण मानतो, ते न बोलता नसूही शकते, आणि ते नाहीसे झालेले आपल्याला कळत नाही. ‘आपण वागून दाखवतो’ म्हणणाऱ्या आपल्यासारख्यांना या नाटकाने केलेला हा प्रश्न आहे, आणि तो सुनेला विचारलेला नाही.

त्या घरात प्रेमाचा उच्चार मुळीच नाही असेही नाही. तो एका ठिकाणी आहे. अप्पा कावेरीला ‘सरकार’ म्हणतात. या शब्दात ‘मी’ नाही, ‘प्रेम’ नाही, क्रियापद नाही. त्यात थट्टा आहे, आदर आहे, एका जन्माचा सहवास आहे. शाळेत आपण विभक्तीचा तक्ता पाठ करतो त्यात सातांनंतर आठवी येते, संबोधन. पोरे तिच्याकडे दुर्लक्ष करतात, कारण परीक्षेत तिला गुण थोडे. मला मात्र आता वाटते, की मराठी प्रेमाचा मुक्काम या आठव्या विभक्तीत आहे. आपण प्रेम सांगत नाही, हाक मारतो. सोन्या, राजा, बाळा, अगं, अहो. आईला ‘तू’ आणि वडिलांना ‘तुम्ही’ म्हणणाऱ्या घरांत विठोबाला मात्र ‘तू’च म्हणतात, वर त्याला माउली करून टाकतात. ही सगळी प्रेमाची वाक्येच आहेत. त्यांना क्रियापद लागत नाही, इतकेच.

जिथे हाक मारायचीही चोरी, तिथे बायकांनी सर्वनामात जागा शोधली. रमाबाई रानडे यांचे ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’ १९१० साली निघाले. त्यात न्यायमूर्तींचा उल्लेख त्या ठिकठिकाणी ‘स्वतः’ असा करतात. नाव नाही, ‘हे’ नाही, ‘स्वतः’. कॅथरीन गेट्स यांनी १९३८ साली हे पुस्तक इंग्रजीत नेले तेव्हा त्यांना त्या एका शब्दाचे मोल कळले असले पाहिजे, कारण त्यांनी साऱ्या पुस्तकालाच नाव दिले, ‘हिमसेल्फ’. ज्या भाषेत ते तीन शब्द हाताशी तयार होते, त्या भाषेला इथे एका सर्वनामाचा आधार घ्यावा लागला.

पण याच पुस्तकाने मला दुसरीही गोष्ट शिकवली. न्यायमूर्ती रानडे १९०१ साली गेले होते. ‘स्वतः’ हा शब्द इतक्या मायेने छापला गेला तेव्हा तो वाचायला ‘स्वतः’ नव्हते. ‘श्यामची आई’ १९३५ साली प्रसिद्ध झाली. तळवे मळू नयेत म्हणून ओल्या पायांखाली पदर पसरणारी ती आई महाराष्ट्राच्या घराघरांत पोचली. साने गुरुजींची आई त्याआधी कितीतरी वर्षे जग सोडून गेली होती. आपण मराठी माणसे प्रेम बोलून दाखवत नाही हे खरे नाही. आपण दाखवतो, भरभरून दाखवतो. फक्त उशिरा दाखवतो. आपल्या भाषेतली कितीतरी उत्तम प्रेमपत्रे आठवणींच्या पुस्तकांत आहेत, आणि ज्यांना ती लिहिली त्यांच्यापर्यंत ती पोचलेली नाहीत.

हे लिहिताना मी दुसऱ्यांकडे बोट दाखवत नाही. तालुक्याच्या गावी शिकायला होतो तेव्हा वडिलांची पत्रे येत. एका डब्यात ती अजून आहेत. प्रत्येकाचा आरंभ ‘चि. बाळ यास अनेक उत्तम आशीर्वाद’ असा, आणि पुढे पावसाचे, बैलाचे आणि पैसे जपून वापरण्याचे. त्या पहिल्या ओळीकडे मी पत्रावरच्या छापील मजकुराकडे पाहावे तसे पाहत असे. माझे डोळे थेट मनिऑर्डरीच्या बातमीवर जात. वडील गेले त्याला आता बरीच वर्षे झाली. घरात मला ‘अहो’ आहे, ‘बाबा’ आहे, शाळेत ‘सर’ आहे. ‘बाळ’ म्हणणारे कोणी उरले नाही. ती हाक बंद झाल्यावर ते पत्राचे शीर्षक नव्हते, पत्रच ते होते, हे मला कळले. मी त्यांना उत्तरात ‘तीर्थरूप’ लिहीत असे, तेही असेच, हात लिहीत गेला म्हणून.

आता पत्रे गेली, आणि ‘चि.’ त्यांच्याबरोबर गेले. माझी मुलगी पुण्याला शिकते. फोन ठेवताना ती म्हणते, “लव्ह यू, बाबा.” पहिल्यांदा हे ऐकले तेव्हा मी गडबडलो आणि “हं, जेवलीस का?” असे विचारले. माझी पत्नी पुष्कळ हसली. शाळेतले आमचे एक सहकारी अशा बोलण्यावर फार चिडतात. ही उसनी भाषा, हा नाटकीपणा, असे त्यांचे म्हणणे. मीही काही दिवस त्यांच्या बाजूचा होतो. पण सातवीतल्या त्या मुलीने प्रश्न विचारल्यापासून मी वाक्ये निराळ्या कानांनी ऐकू लागलो आहे. माझ्या मुलीच्या वाक्यात ‘आय’ कुठे आहे? तो गळून गेला आहे. इंग्रज लोकही बोलण्याच्या ओघात तो गाळतात म्हणा. पण शेवटी काय आले आहे? ‘बाबा’. इंग्रजी वाक्यातला ‘मी’ गेला आणि मराठी संबोधन येऊन बसले. पत्रातली ‘चि.’ची जागा रिकामी झाली होती. पोरीने हाताला लागले ते घेऊन ती भरली. ती जागा आम्हीच रिकामी ठेवली होती, तेव्हा तिने काय घेऊन भरली यावर नाक मुरडण्याचा आम्हाला अधिकार नाही.

पाडव्याला घरोघर निरांजन लागेल, भाऊबीजेला बहिणी ओवाळतील. औक्षण म्हटले की आपल्या मनात औक्ष येते, आयुष्य येते. कोणी कोणाला ‘प्रेम आहे’ असे म्हणणार नाही. तबकातली ज्योत समोरच्याच्या चेहऱ्याभोवती फिरेल आणि त्याच्यासाठी आयुष्य मागितले जाईल. ही आपली तऱ्हा सुंदर आहे. पण निरांजन वर्षातून दोन दिवस लागते, आणि माणूस तीनशे पासष्ट दिवस घरात वावरतो.

त्या मुलीला मी अजून उत्तर दिलेले नाही. सुटी संपली की देईन. सांगेन, की बाई गं, प्रेम प्रथमेत सांगितले तरी चालते, चतुर्थीत सांगितले तरी चालते. फक्त ज्याला सांगायचे तो ऐकायला असेपर्यंत सांगावे.

परवा मुलीचा फोन आला. दिवाळीला कोणत्या गाडीने येणार, किती वाजता उतरणार, सारे झाले. शेवटी ती म्हणाली, “लव्ह यू, बाबा.” जेवणाची चौकशी ओठांवर आली होती, ती मी गिळली आणि म्हणालो, “औक्षवंत हो, बाळ.”

क्षणभर पलीकडे शांतता होती. मग ती म्हणाली, “बाबा, तुम्ही आज एकदम आजोबांसारखे बोललात.”